पेचाला हात आखरीला

खालूंचे हात मी कधी काळे झालेले पाहिले नाहीत, आणि आमच्या खाडीकाठच्या निम्म्या पिकअप त्यांनीच सरळ केल्या. पांढराशुभ्र झब्बा, पांढरा लेंगा, डोक्यावर जाळीची टोपी, कानात अत्तराचा फाया. हा आमचा मेकॅनिक, असं सांगितलं तर पाहुणा हसायचा. मोहल्ल्याच्या तोंडाशी, खाडीकाठी मोठी वाढते त्या भेंडीच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसायचे आणि गाडीवाल्यालाच कामाला जुंपायचे. पाना धरायचा तो गाडीवाल्यानं, गाडीखाली सरकायचं ते गाडीवाल्यानं, कोपर सोलून घ्यायचं तेही त्यानंच. कुणी कुरकुरला तर म्हणायचे, "गाडी तुजी, हात बी तुजेच. माजा फकत कान." वर चहासुद्धा त्या बिचाऱ्यानंच सांगायचा.

खालू म्हणजे मावशीचा नवरा. त्यांची बायको साऱ्या मोहल्ल्याची खाला होती, म्हणून हे सगळ्यांचे खालू. त्या 'सगळ्यां'त आम्ही कोळीवाड्यातली माणसंही आलो, कारण खाला आमची जुनी गिऱ्हाईक. खालूंचं तरुणपण मस्कतला एका गॅरेजात गेलं होतं. तिथं ते कोण होते याबद्दल गावात दोन मतं होती. त्यांच्या मते ते तिथले उस्ताद होते आणि शेखसाहेब त्यांना विचारल्याशिवाय गाडीत बसत नसत. त्यांच्या मेव्हण्याच्या मते ते सुट्या भागांच्या खिडकीवर बसायचे. मी एकदा तोंडावर विचारलं, "खालू, खराच शेख तुमाला ईचारायचा?" तर म्हणाले, "ईचारायचा म्हंजे? माज्या होकाराबिगर चावी फिरवत नवता." थाप मारावी तर अशी मारावी, निदान ऐकणाऱ्याचं पोट तरी भरतं.

गाडी उभी असताना, पायाखालचा एक्सलेटर न दाबता, इंजिन ज्या संथ चालीनं चालत राहतं तिला आम्ही आयडल म्हणतो. जुन्या गाड्यांत ही चाल डिझेल पंपावरच्या एका बारीक पेचानं कमीजास्त करता येते. जास्त झाली तर गाडी उभ्या जागी बोंबलते आणि फुकट डिझेल पिते. कमी झाली तर थरथरते आणि ऐन वेळी मान टाकते. ही चाल मोजायला मीटर मिळतं. खालूंचं मीटर त्यांच्या तोंडात होतं. त्यांची खालची कवळी सैल होती. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, तोंड जरासं उघडं ठेवायचे आणि डोळे मिटायचे. कवळी टकटक वाजली की आयडल कमी. वाजायची थांबली की बरोबर. नवीन कवळी करून घ्या म्हणून खाला कितीदा मागे लागली, पण हे म्हणायचे, "ही घट केली तर माजा धंदा बसंल." खाला कपाळावर हात मारून आत निघून जायची.

पण त्यांच्याकडे पेचाची पाळी यायची सगळ्यांत शेवटी. आलेला माणूस आधी बोनेट उघडून पेचाकडेच हात न्यायचा आणि खालूंच्या हातातला गुंडाळलेला पेपर त्या हातावर फटकन बसायचा. "पेचाला हात आखरीला!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही पाना उचलला की पाठीमागून ते कुणीतरी म्हणतंय असं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की आयडल बिघडतो तो पेचामुळे क्वचितच. फिल्टर तुंबलेला असतो, एक्सलेटरची वायर खारट हवेनं अडकलेली असते, कुठून तरी पाइपात हवा शिरत असते. ते न शोधता पेच फिरवला तर आजार झाकला जातो. "रडत्या पोराच्या तोंडात बोळा घातला तर पोर गप ऱ्हाते," ते म्हणायचे, "भूक जात न्हाय."

एकदा एक आंबेवाला घरीच पेच फिरवून त्यांच्याकडे आला. खालूंनी त्याला खाली उतरूसुद्धा दिलं नाही. "डाक्टरकडं येताना रस्त्यात कुनाची तरी गोली खाऊन आलास. आता माना ताप दिसंल कसा? जा. पेच होता तिथं लाव, मंग ये." तो म्हणाला, आता कुठं होता ते आठवत नाही. "मंग आठवंपत्तुर हितंच बस," खालू म्हणाले. तो माणूस दुपारपर्यंत बसला, आणि शेवटी त्याची गाडी नुसता फिल्टर बदलून सुधारली.

आता माझी गोष्ट. मी मासळीवाली. दिघीच्या बाजूला बोटी लागल्या की माल उचलायचा, बर्फात घालायचा, पिकअप फेरीबोटीत चढवायची, आगरदांड्याला उतरायचं आणि बाजार भरायच्या आत पुढं पोचायचं, हा माझा रोजचा रस्ता. नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. जुनी पिकअप घेतली तेव्हा तिच्यावर एक ड्रायव्हर ठेवला होता. गाडी बंद पडते म्हणून तो पेच फिरवून आयडल चढवायचा. संध्याकाळी माझा दीर तो उतरवून ठेवायचा. दीर बोटीच्या इंजिनावरचा माणूस. बोटीचं इंजिन हळू टुकटुकत राहिलं म्हणजे सगळं ठीक, असं त्याचं गणित, आणि पिकअपनंही तसंच टुकटुकावं असा त्याचा हट्ट. दोघांच्या भांडणात पेच झिजला. ड्रायव्हर शेवटी लग्नाला म्हणून गेला तो आलाच नाही. मग मी लायसन काढलं आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसले. जेट्टीवरच्या पुरुषांना मोठीच करमणूक झाली. "कोलीन गाडी हाकते का पाटी?" असं कुणीतरी मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणालं. मी म्हटलं, "तुज्या बायकोला ईचार, तीच माज्याकडं शिकवनी लावतेय." तो सरळ झाला, पण गाडी काही सरळ होईना.

सपाटीला ती शहाण्यासारखी चालायची. पण ओहोटीच्या वेळी आगरदांड्याला उतरताना जेट्टीचा उतार पाण्यापर्यंत उघडा पडतो, ओला, शेवाळलेला आणि चांगला लांब. त्या चढावर भरलेली गाडी नाक वर करून निघाली की इंजिन हेलकावे खायचं आणि मध्येच विझायचं. पेच चढवून पाहिला तर बोटीच्या उतरायच्या फळीवरच गाडी उसळी मारायची. एक दिवस चढाच्या मधोमध ती विझली आणि मागे घसरली. मी ब्रेकवर उभी राहिले म्हणून थांबली. मागच्या गाडीत पोरंबाळं होती. कुणाला काही लागलं नाही, पण सगळी फेरी खोळंबली आणि फेरीचा मुकादम माझ्या खिडकीशी आला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "वयनी, भरती असंल तवाच या, न्हायतर रिकामी या. ओहोटीला भरलेली गाडी मी पयल्या फेरीत घेनार न्हाय. उंद्या कोन दगावला तर?"

त्याचं चुकलं नव्हतं, पण माझं सगळं त्या पहिल्या फेरीवर उभं होतं. भरती काही माझ्या बाजाराची वेळ पाहून येत नाही. खाडीला वळसा घालून रस्त्यानं जावं तर पोचेपर्यंत बर्फाचं पाणी आणि बोंबलाचा चिखल. माझ्या गिऱ्हाईक बायका एखादा दिवस वाट पाहतील, मग दुसरीच्या पाटीत हात घालतील. त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "इकून टाक ती गाडी. पयल्यासारकी टेंपोत पाटी टाकून जा." त्याचा आवाज मऊ होता, म्हणूनच मला जास्त लागलं. पुन्हा दुसऱ्याच्या टेंपोत, दुसऱ्याच्या वेळेवर, पाटी मांडीवर घेऊन बसायचं, या विचारानं मी ताट सारून उठले.

सकाळी मी खालूंकडे गेले. त्यांनी बोनेट उघडू दिलं नाही. आधी पंचनामा.

"सपाटीला मरते?"

"न्हाय."

"रिकामी चढावर?"

"कदी कदी."

"आनि भरलेली चढावर?"

"हर टायमाला."

"मंग पेचाला कशाला गाली देतंस, बाय? पेच सपाटीला बी तोच, चढावर बी तोच. बदलला काय? गाडीचा नाक वर झाला. टाकी खाली ऱ्हायली, इंजन वर गेला. आता खालचा डिझेल वर खेचाला त्याला जोर लागते. त्या जोरात कायतरी दुसराच खेचून घेते."

मग मला कामाला लावलं. आधी एक्सलेटरची वायर. ती मिठानं कडक झाली होती. मी ती साफ करून तेल दिलं तेव्हा म्हणाले, "ही एक छोटी चोरी सापडली. मोठा चोर अजून आत हाय." खिशातून त्यांनी पारदर्शक नळीचा एक तुकडा काढला आणि तो मला फिल्टर आणि पंपाच्या मध्ये बसवायला लावला. गाडीत बर्फानं भरलेले क्रेट चढवले, मशिदीमागच्या चढावर गाडी नाक वर करून उभी केली, चाकांना धोंडे लावले आणि इंजिन चालू केलं. नळीत डिझेल दिसलं आणि त्याच्यात साबुदाण्यासारखे बुडबुडे. एकामागून एक, न थांबता.

"बघितलंस?" खालू खुर्चीवरून छत्रीनं दाखवत होते. चढावरसुद्धा खुर्ची त्यांच्याबरोबर आली होती. "हवा खाते. पाइपाला कुटंतरी फट हाय. डिझेल भाईर गळत न्हाय, कारन हितं खेच आतल्या बाजूला. म्हनून जमिनीवर डाग न्हाय, आनि म्हनून तुमी सगळे पेचाच्या मागं."

आता फट शोधायची. मी गाडीखाली सरकले. पाइपाच्या एकेका जोडावर ग्रीस थापायचं आणि वरून खालूंनी बुडबुडे पाहून ओरडायचं. "हाय! ... अजून हाय! ... फुडं सरक!" रस्त्यानं जाणारे येणारे वाकून बघत होते. मी शेवटी टाकीजवळच्या जोडापर्यंत पोचले. तिथं रबरी नळी आवळणारी क्लिप होती. हात लावला तर गंजाचे पापुद्रे बोटाला आले. मी तिच्यावर भरपूर ग्रीस थापलं. मग खालूंचा आवाज आला, "बंद झाले गं बाय! बंद!"

त्याच वेळी वरून बर्फाच्या पाण्याचा थेंब माझ्या कपाळावर पडला. मी वर पाहिलं. क्लिपच्या बरोबर वर, गाडीच्या पत्र्याला भोक होतं.

ते भोक म्हणजे आमच्याकडची रीत. मासळीचं पाणी गाडीत साचू नये म्हणून नव्या पिकअपला आम्ही आधी भोक पाडतो, मग हार घालतो. जेट्टीवरचा वेल्डर ते सगळ्यांना एकाच कोपऱ्यात पाडून देतो, कारण पाणी त्याच कोपऱ्यात जमतं. मीठ, बर्फ, मासळीचा रस, सगळं त्या भोकातून रोज त्या बिचाऱ्या क्लिपच्या डोक्यावर. हे सांगितल्यावर खालू इतके हसले की त्यांना कवळी हातानं धरावी लागली. "अख्ख्या खाडीच्या गाड्या एकाच भोकातून आजारी हायत!" ते ओरडले. "आनि त्याच्यावर हार घालता!" मीही गाडीखाली पडल्या पडल्या हसत सुटले, आणि हसता हसता रडले, कारण आता माझी गाडी विकावी लागणार नव्हती.

नवी नळी, नवी क्लिप बसवली. फिल्टरवरचा छोटा हातपंप मारून आतली हवा काढली. भोकाला पाइप लावून पाणी चाकामागे सोडलं. आणि मग, इंजिन चांगलं गरम झाल्यावर, दिव्यांचाही भार त्याच्यावर पडावा म्हणून हेडलाइट लावून, खालू सीटवर जाऊन बसले. तोंड उघडं, डोळे मिटलेले. "हां. आता पेच." मी त्याच्यावरचा नट सैल केला. आतून टकटक ऐकू येत होती. मी पेच हळूच फिरवला. टकटक विरळ झाली. अजून अगदी किंचित. थांबली. "माशाल्ला," ते डोळे न उघडता म्हणाले. "आवळ."

मुकादमाला पटवायला खालू स्वतः गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. शेखसाहेबांचा दाखला नक्कीच दिला असणार. मुकादमानं एकच संधी दिली, तीही अशी की पाणी पार खाली गेलेलं असताना, पूर्ण मालासकट, आणि सगळ्यांत शेवटी उतरायचं, म्हणजे मागे कुणी नको. त्या सकाळी खालू इस्त्रीचा झब्बा घालून माझ्या शेजारी येऊन बसले. मासळीच्या गाडीत अत्तराचा घमघमाट सुटला. आगरदांड्याला बोट लागली. सगळ्या गाड्या वर गेल्या, पण पुढे कुणी जाईना. ड्रायव्हर, पासिंजर, चहावाला, झाडून सगळे चढाच्या माथ्यावर ओळीनं उभे राहिले. समोर तो ओला, लांबलचक चढ.

मी पहिला गिअर टाकला. खालू म्हणाले, "क्लच सोडलास की पाय उचल."

"कंचा पाय?"

"दोनी."

"खालू, मालानं भरलेली हाय!"

"माना ठाव हाय काय भरलाय ते. माज्या नाकाला ईचार. उचल."

मी बिस्मिल्लाही म्हटलं आणि आमच्या कोळ्यांच्या देवीआईचं नावही घेतलं. क्लच सोडला, पाय उचलले आणि बाजारात बसतात तशी सीटवर चक्क मांडी घातली. गाडी निघाली. फळीवरून उतारावर आली, नाक वर झालं, माल मागे दबला. अर्ध्यावर इंजिनाचा आवाज खोल गेला. याच जागी ती विझायची. माझा पाय आपोआप खाली निघाला तसा गुंडाळलेला पेपर फटकन गुडघ्यावर बसला. इंजिनानं एक दम खाल्ला, आतून डिझेल ओढलं, आवाज भरला, आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून शांतपणे वर चढू लागली. पायाखाली काही नाही, मांडी तशीच, आणि आम्ही वर!

शिट्ट्या पडल्या. एका ड्रायव्हरनं स्वतःच्याच गाडीचा हॉर्न दाबून धरला. खालू खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांचे सलाम घेत होते, जणू गाडी त्यांनीच ढकलत वर आणली. मुकादम धावत चढ चढून आला, धापा टाकत, आणि एवढंच म्हणाला, "वयनी, उंद्यापासून पयल्या फेरीत, पयला नंबर." मी मान डोलावली. मांडी सोडायचं मला भानच नव्हतं. माझ्या आयुष्यात माझं लग्न, माझी पोरं, सगळं आहे, पण छाती एवढी फुगलेली मला दुसरी कुठली सकाळ आठवत नाही.

त्या आठवड्यात भेंडीच्या झाडाखाली पिकअपची रांग लागली. एकजात सगळ्यांच्या क्लिपा गंजलेल्या. वेल्डर रुसला, मग त्यानंच भोकाला पाइप जोडून द्यायला सुरुवात केली आणि ही त्याचीच युक्ती असल्याचं तो सांगू लागला. खालूंनी त्याला सांगू दिलं. मला आश्चर्य वाटलं, तर म्हणाले, "मोठ्या मानसानं एखादी थाप दुसऱ्याला बी मारू द्यावी."

पुढं खाला वारली आणि मस्कतलाच असलेला मुलगा खालूंना तिकडे घेऊन गेला. तिथून ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करायचे आणि ख्यालीखुशालीच्या आधी म्हणायचे, "ऐकव." मी फोन बोनेटवर ठेवायची. मी दुसरी, नवी पिकअप घेतली तेव्हा तिच्यात पेचच नाही, आयडल कंप्यूटर सांभाळतो, असं सांगितलं. ते म्हणाले, "मंग भांडाचा कुनासंगती?" ती नवी गाडी आता माझी जाऊ चालवते. जुनी मी सोडलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला तो त्यांच्या सुनेचा. अब्बा इस्पितळात आहेत, म्हणाली, तुमच्याशी बोलायचं म्हणतात. मी फेरीत होते, खाडीच्या मधोमध. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

"इंजन ऐकू येत न्हाय."

"फेरीवर हाय खालू. बंद ठेवलाय."

"पयली फेरी?"

"पयलीच."

"पानी?"

"पार खाली गेलाय."

"माल?"

"काठोकाठ." आणि मला हुंदका आवरेना.

"मंग रडतंस कशाला?" ते म्हणाले. "फोन चालू ठेव. गाडी उतरव."

बोट लागली. मी फोन समोर काचेपाशी ठेवला, चावी फिरवली, पहिला गिअर टाकला. अख्खा चढ मी एक्सलेटरला पाय लावला नाही. वर पोचल्यावर फोन कानाला लावला.

"खालू, ऐकलात?"

"ऐकला," ते म्हणाले. "हितं थांबू नको. बाजार उघडला असंल."

संध्याकाळी सुनेचा निरोप आला, अब्बा गेले. दुसऱ्या दिवशी माझी गाडी पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढं उभी होती.